वाचकांचे प्रश्न : कोर्बिएरची लाल वाईन आणि मराठवाड्याचे ताट

प्रश्न : माझे मेहुणे फ्रान्सहून येताना ‘कोर्बिएर’ नावाच्या लाल वाईनची बाटली घेऊन आले. मे महिन्यात घरी काळ्या मसाल्याचे मटण केले होते, तेव्हा ती उघडली. पहिल्याच घोटाला तोंड कोरडे पडले आणि रश्शाबरोबर तर घशापर्यंत आग झाली. बाटली खराब होती, की ही वाईन अशीच असते? तिच्याबरोबर काय खावे?
— एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या वर्णनावरून बाटली खराब असावी असे मला वाटत नाही. तोंड कोरडे पडणे हा या वाईनचा स्वभावच आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘तुरट’ हा नेमका शब्द आहे. जांभळे खाल्ल्यावर जीभ आखडते, तोच हा रस. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असते. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवते, लाळेचा ओशटपणा कमी होतो आणि टाळू खरखरीत लागतो. शिवाय ही वाईन गोड नसते, कारण द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबताना संपलेली असते. गोडसर पेयांची सवय असलेल्याला ती प्रथम कडवट वाटली तर त्यात नवल नाही.

कोर्बिएर हा दक्षिण फ्रान्समधील लांगदोक भागातला, नार्बोन शहरापासून पिरेनीज पर्वताच्या पायथ्याकडे पसरलेला डोंगराळ मुलूख आहे. 1985 साली तिथल्या वाईनला अधिकृत भौगोलिक नामांकन मिळाले. कारिन्यां, ग्रनाश, सिरा आणि मूरवेद्र या जातींच्या द्राक्षांच्या मिश्रणातून तिथली लाल वाईन तयार होते. उन्हाळे कडक आणि कोरडे, जमीन दगडगोट्यांची, वारा जोराचा, आणि मळ्यांच्या कडेने रोजमेरी, थाइम, जुनिपर यांची खुरटी झुडपे. या झुडुपांच्या रानाला तिथले लोक ‘गारिग’ म्हणतात आणि वाईनच्या वासाचे वर्णन करतानाही हाच शब्द वापरतात. पेला नाकाशी नेल्यावर आधी पिकलेल्या जांभळासारखा गडद फळाचा वास येतो, मागून काळी मिरी येते, आणि पेला थोडा फिरवून पुन्हा हुंगला की उन्हात तापलेल्या, वाळलेल्या पाल्याचा जो वास येतो तो गारिगचा. बालाघाटाच्या माळावर एप्रिलच्या दुपारी जो चालला आहे त्याला त्या वासाची जात ओळखीची वाटेल, वनस्पती वेगळ्या असल्या तरी.

आता आपल्या त्या दुपारी काय बिघडले ते पाहू. पहिली गोष्ट तापमानाची. लाल वाईन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असे पुस्तकांत लिहिलेले असते. पण ती खोली युरोपातल्या जुन्या, थंड घराची आहे, मे महिन्यातल्या लातूरची नव्हे. या वाईनला 16 ते 18 अंश सेल्सिअस मानवते. तीस अंशांच्या वर तिच्यातले अल्कोहोल, जे साधारण 13 ते 14.5 टक्के असते, फळाच्या वासाच्या पुढे धावते आणि नाकाला झोंबते. बाटली उघडण्यापूर्वी दीड ते दोन तास फ्रीजमध्ये ठेवावी. हा एक बदल केलात तरी तीच वाईन आपल्याला वेगळी लागेल, याची मला खात्री आहे.

दुसरी गोष्ट मिरचीची. मिरचीतले कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या मज्जातंतूंना चेतवते, ते मुळात उष्णता ओळखण्यासाठी आहेत, आणि अल्कोहोल त्यांना आणखी हळवे करते. म्हणून तिखट रस्सा आणि वाईन एकत्र आली की आग दुप्पट वाटते. यावर माझे सांगणे एवढेच, की मिरची निम्मी करा, मसाला निम्मा करू नका. काळ्या मसाल्यातले भाजलेले खोबरे, लवंग, मिरी आणि दगडफुलाचा तो मातकट, धुरकट वास हे सगळे या वाईनशी चांगले जुळते. बाधते ते फक्त तिखट. छत्रपती संभाजीनगरचा नान-खलिया तर तिखट बेताचे ठेवून केला, तर मला या वाईनसाठी सर्वांत योग्य वाटतो. मऊ शिजलेल्या मटणातली चरबी आणि प्रथिने टॅनिनची धार बोथट करतात, आणि रश्श्यात बुडवलेला नान मधल्या मधे तोंड स्वच्छ करतो. लांगदोकमध्येही द्राक्षवेलींच्या छाटलेल्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले मांस किंवा पांढरा घेवडा, बदक व सॉसेज घालून तासन्‌तास शिजवलेला कासुले याच वाईनबरोबर खातात. तत्त्व तेच आहे : स्निग्ध, सावकाश शिजलेले आणि मिरचीने न पेटलेले. हुरड्याच्या वेळी मात्र ही बाटली काढू नये. कोवळ्या ज्वारीच्या आणि गुळाच्या गोडव्यापुढे ती नुसती आंबट लागते.

प्रश्न : आमच्या घरी मांसाहार नाही. अशा वाईनबरोबर शाकाहारी काय चालेल? आणि ही वाईन शाकाहारी असते का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : भाजणीचा वास असलेले पदार्थ निवडावेत. निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे, हिरवी मिरची बेताची घातलेले भरीत आणि ज्वारीची भाकरी, किंवा भाजलेल्या धान्याच्या पिठाची येसर आमटी वरून तूप सोडून. चिंच मात्र टाळावी.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सरसकट ‘हो’ असे देता येत नाही. लाल वाईनमधला जादा तुरटपणा काढण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक वापरण्याची जुनी पद्धत आहे. बलक टॅनिनला धरून तळाशी बसतो आणि वरची वाईन वेगळी काढून घेतली जाते. अनेक उत्पादक आता बलकाऐवजी वनस्पतिजन्य प्रथिने किंवा बेंटोनाइट माती वापरतात, तर काही जण काहीच घालत नाहीत. बाटलीवर ‘व्हीगन’ (म्हणजे प्राणिजन्य काहीही न वापरलेली) असा उल्लेख असेल तरच आपण निश्चिंत राहावे.