कोरिओग्राफर व्हायचं तर लहानपणीच डान्स शिकावा लागतो का?

जालन्याच्या ताईंचा प्रश्न असा आहे की मुलगा 9 वर्षांचा, टीव्ही बघून भारी नाचतो, कोरिओग्राफर व्हायचं म्हणतो, तर लहानपणीचं शिक्षण खरंच लागतं का आणि क्लासिकलला घालू का वेस्टर्नला.

लागतं ताई. आणि हे मी स्टेपसाठी म्हणत नाहीये. स्टेप काय, आता रील बघून कुणीबी उचलतंय, तुमचा मुलगा तर नऊ वर्षांचा आहे, दोन दिवसात उचलेल.

मी परभणीचा. बाईंचा कथकचा क्लास एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा, खाली शहाबादी फरशी, थंडीत पाय बधिर व्हायचे, आणि सगळ्या पोरींत मी एकटा पोरगा. गल्लीत माझ्याबद्दल काय बोलायचे ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही. पहिलं वर्ष नुसता ततकार, म्हणजे बोलांवर पाय वाजवायचे. ता थेई थेई तत, आ थेई थेई तत. बराबर, दुगुन, चौगुन, म्हणजे मूळ लय, दुप्पट, चौपट, आणि परत बराबर. गाणं नाही, आरसा नाही. आई दर महिन्याला फी देताना विचारायची, अहो नाच कधी सुरू करणार?

मग एका वर्षी गणपतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना माझा पाय मुरगळला, घोटा टम्म सुजला. मला वाटलं चला, सुट्टी. बाई म्हणल्या, "पाय मुरगळलाय, तोंड नाही ना? बस इथं, पढंत कर." आता पढंत म्हणजे हातानं ताल धरून बोल म्हणायचे, ते येतच होतं, पण स्वतःपुरतं म्हणणं वेगळं आणि अख्खा क्लास तुमच्या तोंडावर नाचतोय हे वेगळं. तीनतालाच्या 16 मात्रा म्हणजे ठोके, 1, 5, 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा, बाजूला हार्मोनियमवर नगमा, म्हणजे तालात फिरणारी एकच धून, चालू, आणि समोर सगळ्या जणी. तिथं बसून मला दिसायला लागलं की कोण खालीपाशी ढिलं पडतंय, कोण चौगुनीत पळतंय, कुणाचा उजवा पाय दणकन वाजतो आणि डावा नुसता टेकतो. एक पोरगी होती, तिहाईच्या, म्हणजे तीनदा येणाऱ्या तुकड्याच्या, तिसऱ्या पल्ल्याला दर वेळी श्वास रोखून धरायची आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, एक मात्रा आधीच जाऊन उभी. बाकी काम एकदम चोख. मी बाईंना सांगितलं तर म्हणल्या, मला काय सांगतोस, तिला सांग. मी तिला म्हणलं, तोंड मिटू नकोस, मोठ्यानं मोजत नाच. मोजायला लागली तशी श्वास रोखायचा बंद झाला आणि बरोबर समेवर आली.

पाय बरा झाला तरी बाई मला मधून मधून बसवायच्याच. आज वीस पोरं स्टेजवर उभी करतो तेव्हा मी तेच करतो, दुसरं काही नाही. नाचणारा स्वतःचं बघतो, बसवणाऱ्याला सगळ्यांचं एकदम दिसावं लागतं, आणि ती नजर पंचविसाव्या वर्षी वर्कशॉप करून येत नाही हे माझं स्पष्ट मत आहे.

हे मत माझ्या आतेभावाला मान्य नाही. तो लातूरला असतो, डिसेंबर-जानेवारीत शाळांची गॅदरिंग बसवतो, पंधरा दिवसात आठ-दहा गाणी, पैसा माझ्यापेक्षा जास्त. त्याचं म्हणणं, "पब्लिकला काय कळायलंय सम न् फम, कामून डोकं खायलास?" एकदा त्याच्याच एका गॅदरिंगला ऐन गाण्यात लाईट गेली. पोरं जागच्या जागी थांबली, कारण त्यांना गाणं पाठ होतं, ताल नव्हता. मी मागून टाळी द्यायला लागलो, तेवढ्यात पालकांनी शिट्ट्या आणि टाळ्यांचा असा दणका उडवला की पोरं आपोआप उड्या मारायला लागली आणि तेवढ्यात लाईट आली. तो आजतागायत हा किस्सा स्वतःच्या बाजूनं सांगतो. दर दिवाळीला.

त्याचं दुसरं आवडतं वाक्य, रेमो डिसूझा कुठल्या क्लासला गेला होता? बरं, नव्हता गेला. पण सरोज खान लहानपणापासून कॅमेऱ्यासमोर, मग ग्रुप डान्सर, मग नृत्यदिग्दर्शक बी. सोहनलाल यांच्या हाताखाली असिस्टंट. कथकचे बिरजू महाराज तेराव्या वर्षी दिल्लीत शिकवायला लागले. एक रेमो दाखवून हजार पोरांचा पाया कच्चा ठेवायचा हा कुठला हिशोब?

आणि "मराठवाड्यात कुठं शिकणार, पुण्याला जावं लागतं" हे ऐकून तर माझं डोकंच फिरतं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात 13 व्या शतकात शार्ङ्गदेवानं संगीतरत्नाकर लिहिला, त्याचा अख्खा सातवा अध्याय नृत्यावर आहे. संभाजीनगरला एमजीएमच्या आवारात महागामी गुरुकुल 1996 पासून आहे, कथक आणि ओडिसी दोन्ही शिकवतात. जालन्याहून कितीसं लांब आहे?

परीक्षांचं एक सांगतो. गांधर्व महाविद्यालयाच्या नाचाच्या परीक्षा द्यायला हरकत नाही, पण दहावीच्या वाढीव मार्कांसाठी मध्यमा परीक्षेपर्यंत रेटायचं आणि रिझल्ट लागला की घुंगरू माळ्यावर टाकायचे, हे करणार असाल तर त्यापेक्षा पोराला क्रिकेटला घाला.

आता हेही खरं की क्लास म्हणजेच शिक्षण असं नाही. लावणीच्या संगीतबारीतल्या घरातली पोरगी ढोलकीच्या आवाजातच मोठी होते, नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत लावणी महोत्सव बघा, तिथल्या बायकांची लय बघून आमच्यासारख्यांनी गप्प बसावं. म्हणजे लहानपणी ताल कानावर आणि अंगावर पडला पाहिजे, तो कुठं पडतो याला महत्त्व नाही. आणि वेस्टर्नही वाईट नाही, फक्त ततकार पक्का झाल्यावर वर्ष-दीड वर्षानं घाला. लहान मुलाला सिमेंटच्या फरशीवर तास तास पाय आपटायला लावू नका, गुडघे जातात, लाकडी फळ्या असलेला हॉल मिळाला तर उत्तम. घुंगरूही सुरुवातीला एका पायात पन्नास पुरे, शंभरची घाई नको.

फी विचारण्याआधी एक दिवस क्लासमध्ये मागं जाऊन बसा. पोरं स्वतःच्या तोंडानं बोल म्हणतात का बघा. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत स्पीकरच चालू असेल तर सरळ उठून घरी या, मग तो माझा आतेभाऊ का असेना.