वाचकांचे प्रश्न : जोगुळभावीचे स्नान

प्रश्न : सौंदत्तीला रेणुका (यल्लम्मा) देवीच्या दर्शनाला जाताना आमची आजी डोंगर चढण्याआधी सर्वांना जोगुळभावी या विहिरीवर आंघोळ घालायची आणि मगच ‘उदं गं आई उदं’ म्हणत पुढे न्यायची. यामागे काय कारण असावे?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : लोककथेनुसार जमदग्नी ऋषींच्या शापाने रेणुकेच्या अंगावर त्वचारोग उठला, आणि रानात भेटलेल्या एक्कय्या व जोगय्या या दोन साधूंच्या सांगण्यावरून येथील पाण्यात स्नान केल्यावर ती बरी झाली, म्हणून देवीने जे आधी केले, ते भक्तानेही दर्शनाआधी करावे, असा हा क्रम आहे. पूर्वी अनेक जण स्नानानंतर कडुलिंबाच्या डहाळ्या नेसून डोंगराकडे निघत, तेही याच रोगमुक्तीच्या श्रद्धेतून. (खरा त्वचारोग असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवावे, हे आजीनेही मान्य केले असते.)

डोंगरावरील मंदिर रायबागच्या बोमप्पा नायकाने १५१४ मध्ये बांधल्याचे सांगितले जाते, परंतु पाण्याभोवतीची ही श्रद्धा त्याहून जुनी असावी, असे आम्हाला वाटते. या परंपरेला एक दुखरी बाजूही आहे : देवीच्या नावाने मुली सोडण्याची, म्हणजे देवदासी करण्याची, प्रथा येथेच फोफावली होती, आणि कर्नाटकाने १९८२ च्या कायद्याने तिच्यावर बंदी घातली. सीमाभागातील, तसेच कोल्हापूर-सांगलीकडील मराठी कुटुंबे मात्र आजही मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेच्या यात्रांना आधी या पाण्यावरच थांबतात.