मुक्ता कुसुमच्या धाकट्या बहिणीचं मधलं नाव

प्रश्न पुन्हा एकदा थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर येणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. थोरली मुक्ता कुसुम, त्यातलं कुसुम हे तिच्या वडिलांच्या आईचं नाव. धाकटी पुढच्या महिन्यात न्यू जर्सीत जन्माला येईल. तिचं नाव रेवा ठरलंय, आडनाव प-वरून. मधल्या नावासाठी अवनी, शर्वरी आणि तुमच्या आईचं इंदुमती ही तीन नावं डोक्यात आहेत. तुमच्या सासऱ्यांना मात्र मधे वडिलांचंच नाव हवंय.

माझं मत स्पष्ट आहे. बहिणींची नावं एकमेकींना शोभायला यमक जुळावं लागत नाही, नावामागचा नियम एक असावा लागतो. मुक्ताच्या नावात एक आजी आहे, तर रेवाच्या नावात दुसरी आजी हवी. अवनी आणि शर्वरी छानच आहेत, पण ती तुमची कुणीच नाहीत.

हे मी आमच्याच घरात पाहिलंय. माझ्या दिरांच्या थोरलीचं मधलं नाव पणजीचं आणि धाकटीचं नुसतं आवडलं म्हणून ठेवलेलं. तिसरीत असताना धाकटीला शाळेतून वंशवृक्षाचा तक्ता करायला सांगितला, त्यात ‘तुझं नाव कुठून आलं?’ असा एक रकाना होता. ताईने दोन वर्षांपूर्वी तोच तक्ता केला होता. त्यात पणजीचा नऊवारीतला फोटो चिकटवला होता आणि खाली चार ओळी लिहिल्या होत्या. धाकटीने तो रकाना दोनदा खोडला आणि शेवटी आईला विचारलं, ‘माझ्या नावात कोण आहे?’ जाऊबाईंकडे द्यायला उत्तर नव्हतं. मुली या गोष्टी मोजतात, आणि बहिणी तर फारच बारकाईने.

सासऱ्यांचं म्हणणं समजू शकते. आपल्याकडे भावंडांना बांधून ठेवण्याचं काम वडिलांचं नावच करत आलंय. पण ते मुक्ताच्या वेळीच बाजूला ठेवलंत. आता एकीच्या मधे आजी आणि दुसरीच्या मधे बाबा असं झालं तर जोडीच मोडेल. त्यांना हेही सांगा की खुद्द महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आला आहे. मधली जागा तिकडेही फक्त वडिलांची राहिलेली नाही.

आता इंदुमती. नाव सुरेख आहे, पण दोन अडचणी आहेत. रेवा आ-कारान्त आहे आणि इंदुमती स्वराने सुरू होतं. भरभर म्हणून पाहा, ‘रेवेंदुमती’ असा संधी आपसूक होतो. (अवनीचंही तेच, रेवावनी.) हे एक वेळ चाललं असतं. दुसरी अडचण मोठी आहे: रेवा, इंदुमती आणि प-चं आडनाव यांची इंग्रजी आद्याक्षरं आर, आय, पी, म्हणजे ‘रेस्ट इन पीस’. अमेरिकेत दप्तरावर, डब्यावर, टॉवेलवर आद्याक्षरं भरतकामाने काढून देतात. थडग्यावर कोरतात ती अक्षरं लेकराच्या पाठीवर नकोत.

पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की आईचं माहेरचं नाव सुमन, इंदुमती हे लग्नात ठेवलेलं. अहो, उत्तर तिथेच आहे! रेवा सुमन. मुक्ता कुसुम आणि रेवा सुमन. दोन्ही आज्या, दोन्ही मधली नावं तीन अक्षरी, आणि दोन्हींचा अर्थ फूल. मुद्दाम जुळवायला गेलो असतो तर इतकं जुळलं नसतं. शिवाय सुमनचा उच्चार अमेरिकन शिक्षकांनाही जमतो.

मला यात आणखी एक गोष्ट मोलाची वाटते. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं की बाईचं लहानपणीचं नाव कागदावरून कायमचं जायचं. 1886 मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. तुमच्याच शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात, पोकीप्सीला त्यांची स्मृतिशिला आहे, त्यावरही लग्नातलंच नाव आहे. आईंचं सुमन नातीच्या जन्मदाखल्यावर परत उमटत असेल तर ते जरूर व्हावं. फक्त आधी त्यांना विचारा. काहींना सासरचं नावच आपलं वाटतं, काहींना माहेरचं नाव ऐकलं की भरून येतं. हा निर्णय त्यांच्या परवानगीशिवाय घेऊ नये.

हयात माणसाचं नाव ठेवू नये, मुलीला रागावताना आजीचा उल्लेख होतो, असं कुणी म्हणेलच. मधल्या नावाने घरात कुणी हाक मारत नाही, त्यामुळे ती अडचण येत नाही. आपल्या नामकरणात तर देवतानाव, मासनाव, नक्षत्रनाव आणि व्यवहारातलं नाव अशी चार नावं सांगितलेलीच आहेत. बारशाला आत्या कानात ‘रेवा’ म्हणेल, तेव्हा पाठोपाठ ‘सुमन’ही म्हणू दे.

कागदांचं थोडक्यात. रुग्णालयात जन्मनोंदणीचा फॉर्म देतील त्यात मधल्या नावाचा रकाना वेगळा असतो. सुमन तिथेच लिहा, रेवाला जोडून किंवा मधे आडवी रेघ देऊन नको. अमेरिकन पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच ओळीत येतं आणि विमानाच्या बोर्डिंग पासवर पुष्कळदा ती दोन्ही चिकटून छापली जातात. मुक्ताच्या बाबतीत तुम्ही हे पाहिलं असेलच, त्याने घाबरायचं कारण नाही. ओसीआय कार्डावरचं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ते) नाव पासपोर्टबरहुकूम असावं लागतं, म्हणून सुमनचं इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि मुक्ताच्या कुसुमसारखंच साधं, ‘सु’साठी डबल ओ नाही तर यू घालून लिहा.