गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

प्रश्न : मी नगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) सभासद असून माझे वय 41 आहे. पावसाळ्यापासून झोप उडाली आहे, पहाटे छातीत धडधडते आणि उपासनेत गीत सुरू झाले की ओठ हलतात, पण मन हलत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्याचे निदान करून गोळ्या दिल्या व तीन महिन्यांत थोडा आरामही पडला. मात्र प्रार्थनासभेत एका वडीलधाऱ्यांनी बायबलमधील फिलिप्पैकरांस पत्रातील ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे वचन वाचून, गोळी घेणारा प्रभूवर भरवसा ठेवत नाही, असे सर्वांसमक्ष सांगितले. पाच दिवसांपासून मी गोळ्या बंद केल्या आहेत. माझे चुकले का?

उत्तर : ताई, वचनाचे नंतर पाहू, आधी आजच डॉक्टरांना फोन करा. या गोळ्या एकाएकी सोडल्याने चक्कर येते, बेचैनी वाढते आणि दबलेला आजार उलटू शकतो. पुन्हा कधी व किती मात्रेने सुरू करायच्या, हे त्यांनाच ठरवू द्या.

आता त्या वचनाविषयी. प्रेषित पौलाने हे पत्र बंदिवासातून फिलिप्पै येथील मंडळीला लिहिले, आणि त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतल्याची हकिकत आहे. आपल्या आजाराची बातमी फिलिप्पैतील आपल्या मंडळीला कळली म्हणून हा एपफ्रदीत व्याकूळ झाला होता. तेथे वापरलेले मूळ ग्रीक क्रियापद मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत व्याकूळ झालेल्या प्रभू येशूच्या अवस्थेसाठीही वापरले आहे. पौल त्याला दोष देत नाही, उलट त्याचा मान राखा, असे मंडळीला सांगतो आणि त्याला परत पाठवल्याने आपलेही दुःख हलके होईल, अशी कबुली देतो. चौथ्या अध्यायातील एक ओळ उचलून आजारी माणसावर उगारायची आणि दुसरा अध्याय मिटून ठेवायचा, हे वाचन मला प्रामाणिक वाटत नाही.

जुन्या करारातील संदेष्टा एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला प्रवचन दिले नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई उशाशी ठेवली, खा म्हटले, पुन्हा झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. देवाचे बोलणे त्यानंतरचे.

शिवाय आपल्या मंडळ्यांनी औषधाला कधी परके मानले? मिशनरी डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभारले, ते प्रार्थनेवरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. त्या वडीलधाऱ्यांनाही रक्तदाबाची गोळी चालत असेल. मग मेंदूच्या आजारालाच वेगळा न्याय का? (हे त्यांना ऐकवू नका, वाद वाढेल.)

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील, तर 88 वे स्तोत्र वाचा. ते अखेरपर्यंत अंधारातच राहते, शेवटी आभाराची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. पाळकसाहेबांना किंवा पाळकबाईंना एकांतात भेटून, सभेत आपल्या आजाराची चर्चा होऊ नये, एवढे मागा. काही आठवडे सभेला गेला नाहीत तरी चालेल.

जीव नकोसा वाटू लागला, तर पहाटेची वाट न पाहता घरच्या माणसाला उठवा आणि टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा विनामूल्य असून रात्रीही चालू असते.