तुमचं सुपरव्हिजन कोण ऐकतं?

प्रश्न : मी कोल्हापुरात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. एम.फिल. आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी होऊन नऊ वर्षं झाली. गेल्या वर्षीपासून दोन नवीन मुली माझ्या हाताखाली आहेत, त्यांच्या केसेस मीच बघते. काम आवडतं, पण आपण करतोय ते बरोबर आहे का, असं सारखं वाटतं. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाचा क्लिनिकल सुपरव्हिजनचा, म्हणजे हाताखालच्यांशी त्यांच्या केसेसवर नियमित बोलून त्यांना मार्गदर्शन कसं करायचं याचा, ऑनलाइन पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स पाहिला आहे. फी जड जाईल. शिवाय मिस्टरांची मेलबर्नला बदली होण्याची शक्यता आहे. कोर्स करू का?

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली 'बरोबर आहे का' ही शंका फार मोलाची आहे. नऊ वर्षं प्रॅक्टिस झाली की सुपरव्हिजन आपोआप येतं, असं आपल्याकडे धरूनच चालतात.

करिअर मार्गदर्शनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं शाळांमध्ये समुपदेशक होते. दर शनिवारी दुपारी आमचे वरिष्ठ 'सुपरव्हिजन' घ्यायचे. किती केसेस झाल्या, किती जण पुन्हा आले नाहीत, रजिस्टर पूर्ण आहे ना? अर्ध्या तासात आटोपायचं. एका आठवड्यात आठवीतली एक मुलगी माझ्यासमोर पूर्ण वेळ गप्प बसली होती आणि मी घाबरून बडबडत राहिले होते. ते सांगायला त्या अर्ध्या तासात जागा नव्हती. मी ते कुणालाच सांगितलं नाही. ती मुलगीही परत आली नाही.

ब्रिटनमधल्या समुपदेशन-प्रशिक्षक ब्रिजिड प्रॉक्टर यांनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितली आहेत: कामाचा दर्जा आणि नीतिनियम सांभाळणं, कौशल्य घडवणं, आणि थकलेल्या माणसाला पुन्हा उभारी देणं. आमच्या शनिवारी यातलं पहिलंच, तेही रजिस्टरपुरतं, व्हायचं. अमेरिकन मनोविश्लेषक हॅरॉल्ड सर्ल्स यांनी तर १९५५ मध्येच लिहून ठेवलं होतं की क्लायंट आणि थेरपिस्ट यांच्यात जे चाललेलं असतं, त्याचं प्रतिबिंब सुपरव्हिजनच्या खोलीत उमटतं. त्या शनिवारी गप्प बसलेली मी होते आणि घाईघाईने बोलणारे आमचे वरिष्ठ. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं असतं, तर मला त्या मुलीचं थोडं तरी कळलं असतं.

हे ओळखायला शिकवतो तो चांगला कोर्स. सुरुवातीलाच करार कसा करायचा, म्हणजे किती वेळा भेटायचं, काय लिहून ठेवायचं, विभागप्रमुखांपर्यंत काय जाणार आणि काय नाही, हे त्यात येतं. जिचं मूल्यमापन करायचं, तिनेच आपल्या चुका मोकळेपणी सांगायच्या, हा पेच कसा हाताळायचा, तेही येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॉर्मन केगन यांच्या पद्धतीत सेशनचं रेकॉर्डिंग लावतात आणि शिकणारी व्यक्ती तिला हवं तिथे ते थांबवते, 'इथे माझ्या मनात काय चाललं होतं' ते सांगते. (क्लायंटची संमती घेतल्याशिवाय मात्र रेकॉर्डिंग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे.)

आता व्यवहाराचं. आपल्याकडे सुपरव्हायजर म्हणून वेगळी नोंदणी नाही, त्यामुळे या सर्टिफिकेटने पद किंवा पगार आपोआप वाढणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना शिकवायचं तर आरसीआयचे निकष वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये असे कोर्स भरपूर चालतात, कारण तिथे सुपरव्हिजन आयुष्यभर घ्यायचं असतं. समुपदेशकांची बीएसीपी ही संस्था आपल्या मान्यताप्राप्त (अ‍ॅक्रेडिटेड) सभासदांकडून महिन्याला किमान दीड तासाची अपेक्षा ठेवते, मग अनुभव कितीही असो.

मेलबर्नचं गणित निराळं. तिथे आधी सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणी मिळवावी लागेल. पुढे सुपरव्हायजर व्हायचं तर ऑस्ट्रेलियाच्या सायकॉलॉजी बोर्डाने मान्य केलेलं तीन टप्प्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि नंतर दर ५ वर्षांनी उजळणीचा मास्टरक्लास. ब्रिटनच्या सर्टिफिकेटने ते चुकत नाही. म्हणून बदलीचं नक्की होईपर्यंत फी भरू नका, असं मी स्पष्टच सांगते.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही. तुमच्या एम.फिल.च्या काळातलं, ज्यांचं बोलणं तुम्हाला पटायचं असं कुणी ज्येष्ठ आठवा. महिन्यातून एकदा, रीतसर मानधन देऊन, तुमच्या सुपरव्हिजनचं सुपरव्हिजन त्यांच्याकडून घ्या. दोघी मुलींच्या परवानगीने एखादी बैठक रेकॉर्ड करा आणि ऐका. आपण किती बोलतो, हे ऐकून पहिल्यांदा वाईट वाटेल. वाटू द्या.

ती व्यक्ती मराठी असेल तर फार बरं, असं मला मनापासून वाटतं. मुली नोट्समध्ये 'लो मूड' लिहितात, पण समोरची बाई म्हणालेली असते, 'कशात जीवच रमंना झालाय.' तिचे नेमके शब्द काय होते, असं तुम्ही विचारलंत की मुलगी क्षणभर थांबते, आठवते, आणि तिला तो चेहरा पुन्हा दिसतो. परदेशातल्या शिक्षकांना तुम्ही याचं भाषांतर सांगाल, पण त्यातला 'रमंना' त्यांच्या कानावर कसा पडणार?

बदली रद्द झाली आणि पुढच्या वर्षी कोर्सचा विचार पुन्हा आला, तर विद्यापीठाला एकच ईमेल लिहा: 'मी घेतलेलं सुपरव्हिजन तुमचे शिक्षक प्रत्यक्ष ऐकणार का, आणि किती वेळा?' नुसती व्याख्यानं आणि निबंध असतील तर ती फी देऊ नका. ऐकणार असतील, तर मात्र कर्ज काढूनही करण्यासारखा तो कोर्स आहे, आणि शिकता शिकता सराव करायला तुमच्याकडे दोघीजणी आहेतच.

त्या दोघींसाठी या आठवड्यापासूनच प्रत्येकी एक तास राखून ठेवा, ओपीडीच्या गडबडीत नव्हे, वेगळा. रजिस्टर टेबलावर नको. सुरुवात अशी करून बघा: 'या आठवड्यात कुठली केस घरी गेल्यावरही डोक्यात राहिली?'