१३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीची एक ओळ

प्रिय बाय,

परवा तू माझ्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर मार्कशीटची झेरॉक्स काढायला आलीस आणि जाता जाता बोलून गेलीस की मावशी, मी अ‍ॅडमिशनचा फॉर्म नाही भरत आता, नालासोपाऱ्याला काकांनी एका कंपनीत पॅकिंगचं काम बघितलंय, चौदा हजार देतात. स्टँडवर तुझी गाडी लागली होती, तू पळालीस आणि माझं बोलणं तोंडातच राहिलं. आता रात्रीचे साडेदहा झालेत, पावसाने लाइट घालवलीय, मोबाइलला चाळीस टक्के चार्जिंग आहे, तेवढ्यात लिहिते.

चौदा हजारांना मी नावं ठेवणार नाही हो. आपल्याकडची निम्मी घरं मुंबईच्या मनिऑर्डरवर उभी राहिली, माझं माहेरही त्यातलंच. पण कंपनीत माणसं बाराही महिने घेतात. अ‍ॅडमिशनची लिंक एकदा बंद झाली की वर्ष गेलं, आणि गेलेलं वर्ष मुलीच्या बाबतीत परत येत नाही, त्याच्या आधी स्थळं यायला लागतात, तुला माहितेय.

पेपरात दरवर्षी येतं, कोकण बोर्ड राज्यात पहिलं. २०२५ ला दहावीचा निकाल ९८.८२ टक्के आणि बारावीचा ९६.७४. छान वाटतं वाचायला, मी पण स्टेटसला ठेवते. पण माझ्या खुर्चीतून पुढचं दिसतं ना. जूनमध्ये पोरं येतात, मार्क चांगले, डोकं चांगलं, आणि फाइलमध्ये काय तर आधार कार्ड आणि मार्कशीट. बाकी कागद? "ते लागतात होय?" मार्कांवर अडलेलं पोर मी क्वचित बघितलंय, कागदावर अडलेली रोज बघते.

मी स्वतः त्यातलीच. १९९६ ला बारावी झाले, डीएडला नंबर लागण्यासारखे मार्क होते, फक्त उत्पन्नाचा दाखला हवा होता. ज्या ऑफिसात तो मिळायचा तिथले भाऊसाहेब तीन वेळा म्हणाले, साहेब नाहीत, सोमवारी या. आमच्या गावाला तेव्हा दिवसाला दोन गाड्या, बाबा मजुरी बुडवून माझ्याबरोबर यायचे. चौथ्या खेपेला दाखला मिळाला तेव्हा तारीख होऊन दोन दिवस झाले होते. बाबा कुणावर चिडले नाहीत, स्टँडवर मला एक वडापाव घेऊन दिला आणि दाखला चार घड्या करून माझ्या हातात ठेवला. अजून आहे तो, सेंटरच्या ड्रॉवरमध्ये, घडीवर फाटलाय. पुढे लग्न, पोरं, आणि एकतिसाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून बीए केलं, रविवारच्या तासांना धाकटीला मांडीवर घेऊन बसायचे. त्या बीएने नोकरी लागली असं खोटं नाही सांगणार, पण कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊन बसायची हिंमत त्यानेच आली.

आता तुझं बघू. तू पीसीबीवाली, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजी, सीईटी ही प्रवेश परीक्षा दिलेली. मागे म्हणाली होतीस मत्स्य कॉलेजला जायला आवडेल, ते रत्नागिरीला शिरगावात आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं, बीएफएससी म्हणजे मत्स्यशास्त्राची पदवी, चार वर्षांची. तुझे बाबा नुसती जाळी बघून सांगतात बांगडा कुठल्या बाजूला लागला, पण लिलावाला दुसरा जो भाव ओरडेल तो घेऊन घरी येतात. त्या घरातल्या पोरीने मत्स्यबीज, प्रोसेसिंग, कोळंबीचे तलाव हे सगळं शिकून यावं असं मला वाटतं, आता यात माझा थोडा स्वार्थ आहे असं समज, मला तुझा अभिमान मिरवायचाय. नाहीच लागला नंबर तर रत्नागिरीत साधं बीएस्सी आहे, सायन्सवाल्यांना पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला पण घेतात, बघू तेव्हाचं तेव्हा.

फीला घाबरू नको. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) मुलींची व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, आधी निम्मी होती. फक्त अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून हवी, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. हॉस्टेल नाही मिळालं तर जेवणखाण-भाड्याला ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, पैसे थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारला लिंक हवं, आणि मार्कशीटवरचं नाव न् आधारवरचं नाव एक हवं. तुझ्या आधारवर बाबांचं नाव अर्धंच आलंय, परवा बघितलं मी.

पण खरी मेख पुढे आहे. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला, तो आपण काढू, त्याची मुदत ३१ मार्चलाच संपते हे लक्षात ठेव. जात पडताळणीला, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे हे तपासून घ्यायला, वेळ लागतो, कारण ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. बाबांचा शाळेचा दाखला त्याला पुरत नाही, ते शाळेत गेले त्याच्या कितीतरी नंतर. आजोबांचा हवा. तुझी आजी सांगते ते दोन यत्ता शिकले आणि मग होडीवर गेले. त्या दोन यत्ता पुरे आहेत गो! गावच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये त्यांची एक ओळ असणार, नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख. हेडमास्तरांकडे साधा अर्ज द्यायचा, त्या ओळीची नक्कल, म्हणजे प्रवेश निर्गम उतारा मागायचा. नाहीच सापडलं तर तहसीलला गाव नमुना १४, कोतवाल बुक म्हणतात ते, त्यात जन्माची नोंद मिळते, कधी कधी मोडीत असते, मग ती वाचून घेणारा माणूस गाठावा लागतो.

गेल्या वर्षी एक पोरगा आला होता, हुशार, तीन पिढ्यांत घरातलं कुणी शाळेत गेलेलं नाही, जुनी नोंदच नाही कुठे. ज्याला शिकायची जास्त गरज त्याच्याकडेच कागद नसतो, हे मला अजून पचत नाही. दीडशे वर्षांपूर्वी आपल्या मुरुडचे कर्वे, पुढे महर्षी झाले ते, परीक्षेला चालत साताऱ्याला गेले तर वय सतरा वाटत नाही म्हणून बसूच दिलं नाही. तेव्हापासूनचंच आहे हे.

आणि एक, फॉर्म कुणाकडेही भर, माझ्याकडेच भर असं नाही, पण मोबाइल नंबर तुझा टाक. सेंटरवाले घाईत स्वतःचा नंबर टाकतात, मग ओटीपी त्यांना, पासवर्ड त्यांच्याकडे, आणि पुढच्या वर्षी रिन्यूअलला पोरं दुकान शोधत फिरतात. पासवर्ड वहीत लिहून ठेव.

१ जूनपासून मासेमारीला बंदी आहे, बाबा घरीच आहेत, होडी वर ओढलीय. सोमवारी त्यांना घेऊन आधी शाळेत जा, हेडमास्तर साडेदहाला येतात, मग बाराच्या गाडीने इकडे या. आजीचं रेशनकार्ड आण, बाबांचा दाखला आण, फोटो चार. कागद प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घाल, गाडी गळते. काकांना मी फोन करते, त्यांचा नंबर तेवढा पाठव.

तुझी,
सेंटरवाली मावशी