माझ्याकडे कॅनन २००डी आणि १८-५५ ची किट लेन्स आहे. गडकिल्ले आणि देवळांच्या फोटोंसाठी जोडीला कोणती वाइड अँगल लेन्स घ्यावी?

सरळ उत्तर हवं असेल तर कॅननची ईएफ-एस १०-१८ घ्या. (हे आकडे मिलिमीटरमधले. आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद.) पण तुम्ही प्रश्नाच्या तपशिलात टोकिना ११-१६ एफ २.८ आणि 'मध्ये गॅप नको' म्हणून मित्राने सुचवलेली १६-३५ अशी आणखी दोन नावं दिली आहेत. शिवाय 'आख्खा गड एका फ्रेममध्ये बसला पाहिजे' असंही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यामुळेच उत्तर लांबणार आहे.

आधी १६-३५ बाजूला काढू. लेन्स म्हणून ती वाईट अजिबात नाही, पण ती वाइड आहे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर. २००डी चा सेन्सर क्रॉप, म्हणजे त्याहून लहान आहे, त्याचा गुणक १.६. म्हणजे १६ मिमी तुमच्या कॅमेऱ्यावर साधारण २६ सारखी दिसणार, आणि तुमची १८ आत्ताच २९ सारखी दिसतेय. एखाद्या वाड्याच्या दिवाणखान्यात समोरच्या भिंतीपासून दहा फुटांवर उभे आहात असं धरा. १८ ला भिंतीची सुमारे १२ फूट रुंदी फ्रेममध्ये येते. १६ ला १४ फूट. ११ ला २० आणि १० ला २२ फूट. दीड-दोन फूट जास्तीच्या भिंतीसाठी एवढे पैसे आणि एवढं वजन कशाला? १७-४० चंही तेच. कॅननच्या महागड्या लेन्सवर असते ती लाल पट्टी बघून ती क्रॉप बॉडीवर 'वाइड' म्हणून घेणारे बरेच भेटतात. 'पुढे फुल फ्रेम घेईन तेव्हा उपयोगी पडेल' हा युक्तिवादही मला पटत नाही. आज हातात जी बॉडी आहे तिच्यासाठी लेन्स घ्यावी, पुढचं पुढे. चांगल्या स्थितीतली १०-१८ विकली जाते. आणि उद्या कॅननचाच मिररलेस घेतलात, आर १० किंवा आर ५० सारखा, तर अ‍ॅडॉप्टर लावून हीच लेन्स त्यावरही चालेल.

आता गॅपचं. मित्राचं म्हणणं असं की टोकिना १६ ला संपते, किट १८ ला सुरू होते, मग मधल्या दोन मिलिमीटरचं काय? काही नाही. एक पाऊल पुढे-मागे झालं की ते भरून निघतात. वाइडच्या बाबतीत मिलिमीटरला खरी किंमत असते ती खालच्या टोकाला. वरच्या हिशेबात १० आणि ११ यांच्यात एका मिलिमीटरने दोन फूट भिंत कमी झाली, तेही पाठ मागच्या भिंतीला टेकलेली असताना. तिथे मागे व्हायला पाऊल टाकायची सोय नसते.

वरचं टोक मात्र वेगळ्या कारणासाठी बघा, आणि ते कारण सहसा कोणी सांगत नाही. लेन्स किती वेळा बदलावी लागेल ते त्या टोकावर ठरतं. कॅननची जुनी १०-२२ आहे, २००४ सालची. तिचं २२ म्हणजे फुल फ्रेमच्या भाषेत ३५. एवढ्यात माणसं, दुकानं, गल्ली, सगळं नीट येतं, त्यामुळे ती दिवसभर कॅमेऱ्यावर राहू शकते. १०-१८ वरच्या टोकाला २९ पर्यंत जाते, म्हणजे निभावतं. टोकिना ११-१६ मात्र २६ लाच संपते, म्हणून कोणी माणूस समोर आला की किट लावावीशी वाटते. घरात बसून हे क्षुल्लक वाटेल. पण सोमवती अमावास्येला जेजुरीत हवेत भंडारा उडत असताना लेन्स बदलायची कल्पना करून बघा. हळदीची ती बारीक पूड एकदा सेन्सरवर बसली की फुंकर मारून जात नाही. जोतिबाचा गुलाल, एप्रिल-मेमधली गडावरची धूळ, पावसाळ्यातलं धुकं, सगळीकडे हीच कथा. म्हणून गॅपपेक्षा दोन लेन्सचे पल्ले एकमेकांवर थोडे चढलेले असणं जास्त कामाचं. १०-२२ वापरलेली, स्वच्छ काचेची आणि परवडणारी मिळाली तर मी तिलाही नाही म्हणणार नाही. फक्त तिला आयएस, म्हणजे हाताची थरथर सावरून घेणारी सोय नाही. १०-१८ ला ती आहे.

हे आयएस प्रकरण टोकिनाच्या एफ २.८ शी जोडून बघावं लागतं. १०-१८ चं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं भोक, आकडा लहान तितकं ते मोठं) रुंद टोकाला ४.५ आणि दुसऱ्या टोकाला ५.६. कागदावर टोकिना जिंकते, कारण एफ २.८ ला ४.५ च्या अडीचपट प्रकाश आत येतो. पण कार्ल्याच्या चैत्यगृहात उभे राहा. आत अंधूक उजेड, दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, वर छताच्या लाकडी कमानी. यातलं काहीच हलत नाही. अशा ठिकाणी अ‍ॅपर्चरपेक्षा हात किती स्थिर राहतो हे महत्त्वाचं. १० मिमी ला आयएस नसताना १/१५ सेकंदापर्यंत हात बरा राहतो. आयएस असेल तर भिंतीला खांदा टेकवून पाव सेकंदही निघतो, कधी अर्धासुद्धा. म्हणजे टोकिनाने दिलेला अडीचपट प्रकाश आयएसने व्याजासकट परत केला. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू देत नाहीत, म्हणून हा फरक आणखी जाणवतो. मधून फिरणारे पर्यटक मात्र पाव सेकंदात पुसट होतील. मला तर ते आवडतं, निदान कोणाच्या टी-शर्टवरची अक्षरं वाचावी लागत नाहीत.

मग टोकिना कोणासाठी? रात्री तारे टिपणाऱ्यांसाठी, आणि अंधारात हलणारी माणसं टिपणाऱ्यांसाठी. हरिश्चंद्रगडावर मुक्काम करून आकाशगंगा टिपायची असेल तर आयएसचा काडीचा उपयोग नाही, कारण तिथे कॅमेरा ट्रायपॉडवर असतो आणि हलतात ते तारे. १०-११ मिमी ला साधारण २५-३० सेकंदांच्या पुढे गेलात की तारे ठिपक्यांऐवजी रेघा दिसू लागतात. वेळ वाढवता येत नाही म्हटल्यावर अ‍ॅपर्चरच लागतं. मिरवणुकीतलं ढोलपथक संध्याकाळनंतर टिपायचं असेल तरी एफ २.८ च हवं. तुम्ही प्रश्नात यातलं काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मी तुम्हाला टोकिनाकडे ढकलत नाहीये. ती अर्ध्या किलोच्या वर भरते, १०-१८ फक्त २४० ग्रॅम. सकाळी गड चढायला लागल्यावर हा फरक पाठीला कळतो. व्हिडिओ काढत असाल तर टोकिनाच्या फोकस मोटरचा आवाजही रेकॉर्ड होतो. १०-१८ मधली कॅननची एसटीएम मोटर त्या मानाने गप्प असते.

आता तुमचं ते 'आख्खा गड' वाक्य. राजगडाच्या संजीवनी माचीवर उभं राहून समोरचा तोरणा १० मिमी ने टिपलात तर तोरणा क्षितिजावर पुळीएवढा येईल. वाइड लेन्स जास्त जागा आत घेते, पण त्याच हिशेबाने लांबचं सगळं लहान करून टाकते. लांबून दिसणारा गड तुमच्या १८-५५ च्या ३५ ते ५५ मध्येच जास्त भारदस्त दिसतो. दिवेघाटातली वारीसुद्धा तशीच. वळणावळणांवर माणसांची दाट रांग दिसते ते फोटो लांब लेन्सचे असतात. त्याच जागेवरून वाइड लावलीत तर खूप सारा डोंगर, खूप सारं आभाळ आणि मधे एक पांढरट रेघ एवढंच हाती येईल. वारीत वाइड वापरायची तर घाटाच्या कठड्यावरून खाली उतरा, दिंडीत शिरा आणि टाळकऱ्याच्या हातभर अंतरावर जा. या लेन्सचं खरं काम जवळ जाण्याचं आहे. १०-१८ सुमारे २२ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते, आणि तेही सेन्सरपासून मोजून. बुरुजाच्या चिऱ्यात उगवलेलं रानफूल लेन्सला जवळजवळ टेकलेलं आणि मागे अख्खी तटबंदी, हा फोटो किट लेन्सने निघत नाही.

कोकणकडा हे दुसरं उदाहरण. कडा आत वळलेला, अर्धगोल. काठावरून १८ मिमी ने त्याचा एक तुकडा मिळतो, वळण कळत नाही. १० ला दोन्ही बाहू फ्रेममध्ये येतात आणि मगच तो कोकणकडा वाटतो. (व्ह्यूफाइंडरला डोळा लावून पुढे सरकू नका. या लेन्समधून कडा आहे त्यापेक्षा लांब दिसतो. पोटावर झोपून काढा.) खिद्रापूरच्या कोपेश्वराचा स्वर्गमंडपही तसाच. मधल्या गोल शिळेवरून कॅमेरा सरळ वर धरला की किटमध्ये मुख्यतः छताचं उघडं वर्तुळ येतं. भोवतीचं १२ खांबांचं कडं त्यासोबत हवं असेल तर १० च लागते.

देवळात आणखी एक गोष्ट सांभाळा. दीपमाळ किंवा शिखर बसवण्यासाठी कॅमेरा वर उचललात की उभ्या रेषा आत कलतात आणि दीपमाळ मागे पडतेय असं वाटतं. किटमध्येही हे होतं, पण १० ला फारच. कॅमेरा समतल ठेवा, खाली जास्तीची फरसबंदी येऊ द्या आणि घरी येऊन कापा. लग्नातल्या ग्रुप फोटोला मात्र ही लेन्स लावू नका. कडेला उभ्या राहिलेल्या मावशी दुप्पट रुंद येतात आणि त्या ते विसरत नाहीत. पोलरायझर (चकाकी कमी करून आभाळ गडद करणारा फिल्टर) घ्यायचा विचार असेल तर तोही राहू द्या, एवढ्या रुंद आभाळात मधोमध एक गडद डाग पडतो.

पैसे टाकण्याआधी एक फुकटचा प्रयोग करा. फोनमध्ये ०.५ ची लेन्स असेल तर एक अख्खी सहल फक्त तिच्यावर काढा. आयफोनमध्ये ती फुल फ्रेमच्या १३ मिमी इतकी असते, म्हणजे १०-१८ च्या रुंद टोकापेक्षा थोडी जास्तच रुंद. इतर फोनमध्ये थोडंफार इकडेतिकडे. त्या सहलीत तुम्हाला सारखं मागे सरकावंसं वाटलं की पुढे, ते बघा. पुढे सरकून काढलेले फोटो आवडले तर लेन्स नक्की घ्या. सगळे फोटो रिकामे-रिकामे वाटले तर तुम्हाला बहुधा ५५-२५० हवी आहे, आणि ती स्वस्तही पडेल. पुण्या-मुंबईत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, तोही मार्ग आहे.

डीएसएलआरच्या लेन्स आता मागे पडत चालल्यामुळे वापरलेली घ्यायची वेळ येऊ शकते. मुंबईत फोर्टच्या बोरा बझारात घ्या किंवा ओळखीतून, दोन गोष्टी स्वतः तपासा. पहिली बुरशी. कोकणात किंवा मुंबईत दोन-तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे धरतात. मागून मोबाइलची टॉर्च मारून तिरकं बघा, सरळ बघितलं तर दिसत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे काचा सरळ बसल्या आहेत का. लेन्स कधी आपटली असेल तर वाइडमध्ये ते लगेच उघडं पडतं. विटांची भिंत किंवा दुकानाचं बंद शटर समोर धरून कॅमेरा अगदी समांतर ठेवा, १० मिमी, एफ ५.६, आणि फोटो मोठा करून चारही कोपरे बघा. चारही सारखेच किंचित मऊ असतील तर हरकत नाही, वाइड लेन्सचे कोपरे असेच असतात. तीन ठीक आणि एक पार धूसर असेल तर ती लेन्स परत करा. दुकानदार 'सर, एवढं कोण बघतं' म्हणेल. बघू द्या म्हणावं, आणि हूड (काचेवर तिरका उजेड पडू न देणारी पुढची कड) सोबत आहे का तेही विचारा, कारण कॅनन या लेन्सबरोबर तो देत नाही.